नंबर यंत्राचा असतो, ड्रॉइंगचा नाही : रेव्हिटमध्ये इक्विपमेंट टॅगची घडी बसवताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : नऊ मजली हॉस्पिटलचं मॉडेल रेव्हिट या इमारतींची मॉडेल्स करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळवणं), इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग अशा तीन फाइली एकमेकींत लिंक केल्या आहेत. एएचयू (मोठ्या भागाला हवा पुरवणारी यंत्रं), एफसीयू (खोलीपुरती छोटी थंड हवेची यंत्रं), पंप, पंखे धरून सहाशेच्या आसपास उपकरणं. मार्क या रेव्हिटच्या तयार रकान्यात नंबर भरायला घेतले तर डुप्लिकेटच्या वॉर्निंगचा ढीग झाला. मग स्वतःचं पॅरामीटर (माहितीचा रकाना) बनवलं, तर टॅगमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवर यंत्राशेजारी दिसणाऱ्या लेबलमध्ये, नुसतं प्रश्नचिन्ह. क्लायंटला महिनाअखेर सगळ्या उपकरणांची नंबरनिशी यादी हवी आहे. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात रेव्हिट बंद करून करा. एक कोरा कागद घ्या आणि प्रोजेक्टवरच्या इलेक्ट्रिकलवाल्याला, बीएमएसवाल्याला (इमारतीतली यंत्रं पडद्यावरून सांभाळणारी प्रणाली बसवणाऱ्याला) आणि शक्य असेल तर हॉस्पिटलच्या मेंटेनन्स विभागातल्या माणसाला एका टेबलाशी बसवा. मी सतरा वर्षं हेच काम करते आहे आणि नंबरिंगचे जेवढे घोळ निस्तरले, त्यातले बहुतेक सॉफ्टवेअरमुळे झालेले नव्हते. नियम ठरायच्या आधीच नंबर टाकायला घेतले होते, म्हणून झाले होते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी या एका गोष्टीवर इतकी का अडून बसते ते कळेल. एका हॉस्पिटलच्या गच्चीवर चार एएचयू ओळीने होते. ड्रॉइंगमध्ये डावीकडून एक, दोन, तीन, चार. पुढे जिन्याची जागा सरकली, एक एएचयू ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि आमच्याच टीममधल्या एकाने क्रम नीट दिसावा म्हणून चारही नंबर पुन्हा डावीकडून टाकले. ड्रॉइंग सुरेख दिसायला लागलं. पण विजेचं पॅनेल बनवणाऱ्याने आधीच्या रिव्हिजनवरून फीडरच्या (एकेका यंत्राला वीज देणाऱ्या वाटेच्या) नंबरपट्ट्या कोरून घेतल्या होत्या, त्या तशाच बसल्या. इमारत चालू झाल्यावर फिल्टर बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने पॅनेलवर तीन नंबरचा फीडर बंद केला, गच्चीवर जाऊन तीन नंबरच्या एएचयूचं दार उघडलं, तर आत पंखा फिरत होता. आणि बंद पडला होता तो ऑपरेशन थिएटरचा एएचयू. त्या वेळी टेबलावर पेशंट नव्हता आणि त्या मुलाचा हातही आत गेला नव्हता. दोन्ही गोष्टी केवळ नशिबाने.

तेव्हापासून टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते : नंबर यंत्राचा असतो. ड्रॉइंग म्हणजे तो नंबर दिसण्याची एक जागा. तोच नंबर पॅनेलच्या फीडरवर असतो, केबलच्या दोन्ही टोकांच्या टॅगवर असतो, बीएमएसच्या पडद्यावर असतो, यंत्रावरच्या कोरीव पट्टीवर, ओ अँड एम (वापर आणि देखभालीच्या) मॅन्युअलमध्ये आणि मालमत्तेच्या नोंदवहीत असतो. मॉडेलमध्ये तुम्ही एक आकडा बदलता तेव्हा या सगळ्या जागा आपोआप बदलत नाहीत. म्हणून एकदा इश्यू झालेला, म्हणजे इतरांना दिला गेलेला, नंबर बदलायचा नाही. यंत्र रद्द झालं तर त्याचा नंबरही त्याच्याबरोबर रद्द, दुसऱ्या यंत्राला द्यायचा नाही. क्रमात खड्डा राहिला तर राहू द्या. पाचनंतर एकदम सात आला म्हणून आजवर कुठलंही काम अडलेलं मी पाहिलेलं नाही.

आता नंबरची बांधणी. तुमच्यासारख्या हॉस्पिटलसाठी मी तीन तुकडे घेईन : उपकरणाचा प्रकार, ते ज्या मजल्यावर बसलंय तो मजला, आणि त्या मजल्यावरचा अनुक्रम. म्हणजे एएचयू-०४-०२. इथे मी देवनागरीत लिहिते आहे, मॉडेलमध्ये हे सगळं रोमन कॅपिटल अक्षरांत जाईल. याहून लांब नंबर करायचा मोह होतो. त्यात क्षमता घालावी, झोन घालावा, कुठल्या खोलीला हवा देतो ते घालावं, असं वाटत राहतं. घालू नका. जी गोष्ट डिझाइनच्या ओघात बदलू शकते ती नंबरमध्ये आली की नंबर खोटा ठरायची वाट तयार झाली. दीड टनाचा एफसीयू हीट लोड वाढला की दोन टनाचा होतो. खोलीचे नंबर तर हॉस्पिटलमध्ये हमखास बदलतात. आर्किटेक्टच्या प्लॅनवरचा ४१२ हा इमारत सुरू होताना दारावरच्या पाटीवर भलताच काहीतरी असतो. ही माहिती मॉडेलमध्ये हवीच, पण तिच्यासाठी वेगळी पॅरामीटर्स करा. आयईसी आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या ८१३४६ या मानकातही हाच विचार आहे : वस्तू काय काम करते, ती स्वतः काय आहे आणि कुठे आहे, हे तीन वेगळे प्रश्न, आणि त्यांना बरोबर, वजा आणि अधिक अशी तीन वेगळी चिन्हं. ते मानक पूर्ण लागू करायला तुमच्या क्लायंटने सांगितलेलं नसेल तर त्यात शिरू नका, पण हे तीन प्रश्न डोक्यात ठेवा.

मजला कुठला धरायचा, यावर वाद होईल. गच्चीवरचा एएचयू चौथ्या मजल्याच्या ऑपरेशन थिएटरला हवा देतो, तर त्याचा मजला चौथा की गच्ची? माझं उत्तर ठाम आहे : यंत्र जिथे बसलंय तो. रात्री दोन वाजता अलार्म आल्यावर माणूस जिना चढून यंत्रापाशी जातो. कुठे जायचं ते नंबरने त्याला सांगितलं पाहिजे. कुणाला हवा मिळते हे ‘सर्व्हड एरिया’ अशा वेगळ्या पॅरामीटरमध्ये लिहा आणि शेड्यूलमध्ये (रेव्हिटच्या तक्त्यात) शेजारच्या रकान्यात दाखवा. मजल्यांचे कोड कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या : बेसमेंट बी१, तळमजला ००, पहिला ०१, गच्चीला एक कोड. हे पोरकट वाटेल, पण पुण्या-मुंबईतली कितीतरी ऑफिसं अमेरिकेतली कामं करतात आणि तिथे आपला तळमजला हाच फर्स्ट फ्लोअर असतो. अर्धी टीम एका हिशोबाने आणि अर्धी दुसऱ्या हिशोबाने नंबर टाकते आहे, हे मी पाहिलं आहे.

बारीक पण महत्त्वाचं : अनुक्रम नेहमी दोन आकडी ठेवा, एफसीयू मजल्यावर शंभरच्या पुढे जाणार असतील तर तीन आकडी. शून्य नसेल तर शेड्यूलमध्ये दहा हा दोनच्या आधी येऊन बसू शकतो. आय आणि ओ ही अक्षरं कोडमध्ये घेऊ नका, पट्टीवर ती एक आणि शून्य वाचली जातात. तिरपी रेघ नको, कारण हाच नंबर पुढे फाइलच्या नावात जातो आणि विंडोज ती स्वीकारत नाही. आणि पंपांना स्टँडबायचं अक्षर लावू नका. दोन चालू आणि एक राखीव असे तीन पंप असले तरी ते आळीपाळीने चालवतात. आज राखीव असलेला पुढच्या आठवड्यात चालू असतो. तिघांनाही सरळ ०१, ०२, ०३.

कागदावर हे झालं की रेव्हिट उघडा.

आधी मार्कचं बघू, कारण तुमची पहिली अडचण तिथे आहे. मार्क हे रेव्हिटचं स्वतःचं इन्स्टन्स पॅरामीटर, म्हणजे प्रत्येक नगाला वेगळं. टाइप मार्क हे टाइपचं, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या नगांना एकच. ही गल्लत पहिली सोडवा. ‘एफसीयू-ए म्हणजे दोन टनाचा, चार पाइपवाला’ ही टाइप मार्कची माहिती. टेंडरच्या शेड्यूलमध्ये ती लागते, आणि एका टाइपचे चाळीस नग असू शकतात. ‘चौथ्या मजल्यावरचा सातवा एफसीयू’ ही नगाची माहिती. टेंडर ड्रॉइंगवर बहुधा टाइप मार्क पुरतो, प्रत्यक्ष कामाच्या शॉप ड्रॉइंगवर दोन्ही लागतात. काही जण टाइप मार्कमध्येच नगाचा नंबर भरतात आणि मग प्रत्येक एफसीयूसाठी वेगळा टाइप बनवत बसतात. तसं झालं असेल तर आत्ताच थांबा.

मार्कमधल्या दोन गोष्टी त्रास देतात. नवीन नग ठेवला की रेव्हिट कधी कधी आपणहून पुढचा आकडा भरतं, तो आपल्या नियमात बसतोच असं नाही. आणि मार्क सगळ्यांच्या परिचयाचं असल्यामुळे कुणीही त्यात काहीही टाकतं, कुणी कंत्राटदाराचा नंबर, कुणी स्वतःच्या आठवणीसाठी खूण. म्हणून खरा नंबर मार्कमध्ये ठेवायला माझी पसंती नाही. पण मार्कमध्ये एक गुण आहे जो तुमच्या बनवलेल्या कुठल्याही पॅरामीटरमध्ये नाही : एकच मार्क दोन नगांना गेला की रेव्हिट वॉर्निंग देतं. तुम्हाला जो ढीग दिसला तो त्रास वाटला असेल, पण तो पहारेकरी आहे. मी खरा नंबर स्वतःच्या पॅरामीटरमध्ये ठेवते आणि त्याचीच प्रत मार्कमध्ये टाकते. नंबर डुप्लिकेट झाला की मार्क ओरडतं. ही वॉर्निंग त्या एका फाइलपुरतीच मिळते, लिंकमधल्या फाइलशी तुलना होत नाही. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

आता तुमचं प्रश्नचिन्ह. टॅगमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे टॅगला वाचायला काही मिळालं नाही. बहुतेक वेळा याची दोन कारणं असतात. एक म्हणजे किंमत खरंच रिकामी आहे. तुमच्या बाबतीत दुसरं दिसतंय : नाव सारखं आहे पण पॅरामीटर वेगळं आहे. रेव्हिटमध्ये साधं प्रोजेक्ट पॅरामीटर बनवलं तर ते शेड्यूलमध्ये येतं, टॅगमध्ये येत नाही. टॅगमध्ये यायला ते शेअर्ड पॅरामीटरच हवं. आणि शेअर्ड पॅरामीटरची ओळख नावावरून होत नाही, जीयूआयडी नावाच्या एका लांबलचक ओळख-क्रमांकावरून होते. तो आकडा शेअर्ड पॅरामीटरच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला असतो. तुम्ही ऑफिसच्या फाइलमध्ये ‘इक्विपमेंट नंबर’ बनवलं आणि टॅग बनवणाऱ्या सहकाऱ्याने त्याच्या लॅपटॉपवर वेगळ्या फाइलमध्ये ‘इक्विपमेंट नंबर’ बनवलं, तर आपल्याला ते एक वाटतं आणि रेव्हिटला दोन. एकाच नावाची दोन माणसं असतात ना, आधार नंबर वेगळा, तसंच.

म्हणून ऑफिसची एकच शेअर्ड पॅरामीटर फाइल सर्व्हरवर ठेवा, लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, बाकीच्यांना फक्त वाचता येईल असं करा. मॅनेज टॅबमधून शेअर्ड पॅरामीटर्स उघडून त्या फाइलमध्ये एक गट करा आणि चार-पाच पॅरामीटर्स घाला : प्रकाराचा कोड, मजल्याचा कोड, अनुक्रम, पूर्ण नंबर, आणि सर्व्हड एरिया. सगळ्यांचा डेटा टाइप टेक्स्ट. अनुक्रमालाही टेक्स्टच द्या, इंटिजर दिला तर ०७ चा ७ होतो. मग प्रोजेक्ट पॅरामीटर्समध्ये जाऊन शेअर्ड हा पर्याय निवडा, ही पॅरामीटर्स आणा, प्रकाराचा कोड टाइपला आणि बाकीची इन्स्टन्सला लावा. तिथेच ग्रुपमधल्या नगांना वेगवेगळी किंमत देता यावी असा एक पर्याय असतो, तो निवडायला विसरू नका. हॉस्पिटलमध्ये सारख्या पेशंट रूम्स ग्रुप करून कॉपी केलेल्या असतात. तो पर्याय राहिला तर एका खोलीच्या एफसीयूला दिलेला नंबर त्या ग्रुपच्या सगळ्या खोल्यांमध्ये जाऊन बसतो.

कॅटेगरी निवडताना घाई करू नका. मेकॅनिकल इक्विपमेंटवर खूण केली की झालं असं वाटतं. पण फायर डँपर आणि व्हीसीडी (हवेचं प्रमाण ठरवणारी झडप) डक्ट ॲक्सेसरीजमध्ये असतात, व्हॉल्व्ह पाइप ॲक्सेसरीजमध्ये. नव्या आवृत्त्यांमध्ये प्लंबिंग इक्विपमेंट ही वेगळी कॅटेगरीही आली आहे, त्यामुळे एका उत्पादकाच्या फॅमिलीत (रेव्हिटमधल्या तयार नमुन्यात) पंप मेकॅनिकलमध्ये सापडतो आणि दुसऱ्याच्या फॅमिलीत प्लंबिंगमध्ये. जिथे खूण नाही तिथे तुमचं पॅरामीटर उगवतच नाही आणि ते यंत्र यादीतून गुपचूप गळतं.

इलेक्ट्रिकल पॅनेलचं प्रकरण निराळं आहे. पॅनेलला रेव्हिटचं ‘पॅनेल नेम’ हे स्वतःचं पॅरामीटर असतं आणि सर्किटं, पॅनेल शेड्यूल त्यावरच चालतात. पॅनेलचा नंबर तिथेच खरा धरा आणि तिथून तुमच्या पूर्ण नंबरच्या पॅरामीटरमध्ये प्रत घ्या. उलटं कराल तर सर्किटच्या यादीत पॅनेल जुन्या नावाने फिरत राहील.

आता लोक अडखळतात ते वळण. तीन तुकडे वेगळे ठेवले, तर एएचयू-०४-०२ हा अख्खा नंबर कोण जोडणार? टॅग फॅमिलीच्या लेबलमध्ये तीन पॅरामीटर्स एकापुढे एक लावून मध्ये डॅश देता येतो. शेड्यूलमध्येही कंबाइन पॅरामीटर्सने तेच होतं. दोन्हीकडे छान दिसतं, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण ते जोडणं फक्त दिसण्यापुरतं असतं. यंत्राच्या अंगावर तो अख्खा नंबर कुठेच लिहिला जात नाही, त्यामुळे आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीची फाइल) किंवा कोबी (उपकरणांच्या माहितीचा ठरावीक तक्ता) काढताना तो जात नाही, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शोधला तर सापडत नाही. फॅमिलीच्या आत फॉर्म्युल्याने मजकूर जोडावा म्हटलं तर तीही सोय तिथे नाही. म्हणून मी तुकडे जोडून ‘पूर्ण नंबर’ या पॅरामीटरमध्ये डायनॅमो या रेव्हिटच्या स्क्रिप्ट लिहिण्याच्या साधनाने लिहून टाकते, आणि टॅग फक्त तेच एक पॅरामीटर वाचतो.

कोबी मागितलं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. त्याच्या कंपोनंट पानावर नेम हा रकाना प्रत्येक नगासाठी एकमेव असावा लागतो, आणि टॅग नंबर, बारकोड, ॲसेट आयडेंटिफायर असे आणखी रकाने असतात. यातल्या कशात तुमचा नंबर हवा ते क्लायंटला लेखी विचारून घ्या. आणि रेव्हिटमधून आयएफसी काढल्यावर त्यात जो ‘टॅग’ दिसतो, तो बहुधा रेव्हिटचा एलिमेंट आयडी असतो, तुमचा इक्विपमेंट टॅग नव्हे. या एका शब्दावरून मी दोन कंपन्यांना आठवडाभर ईमेलवर भांडताना पाहिलं आहे.

डायनॅमोची स्क्रिप्ट अवघड नाही. एका कॅटेगरीचे सगळे नग घ्या, मजल्यानुसार गट करा, प्रत्येक गटात जागेनुसार क्रम लावा, अनुक्रम द्या, जोडलेला नंबर लिहा. क्रम लावताना नुसत्या वाय आणि एक्स निर्देशांकांवर गेलात तर पस्तावाल. कॉरिडॉरमध्ये एका ओळीत दिसणाऱ्या एफसीयूंच्या वायमध्ये वीस-तीस मिलिमीटरचा फरक असतोच, आणि नंबर इकडून तिकडे उड्या मारतात. वाय हा तीन-तीन मीटरच्या पट्ट्यांत गोळा करा, मग पट्टीच्या आत एक्सप्रमाणे लावा. तंत्रज्ञ कॉरिडॉरने चालत गेला तर त्याला ०१, ०२, ०३ असे ओळीने भेटले पाहिजेत. आणि स्क्रिप्टमध्ये पहिली अट ही घाला : नंबर रिकामा असेल तरच लिही. पहिला इश्यू झाल्यानंतर सगळ्या मॉडेलवर स्क्रिप्ट पुन्हा फिरवणं म्हणजे गच्चीवरच्या त्या चार एएचयूंची गोष्ट सहाशे वेळा करणं. नवीन आलेल्या यंत्राला त्या मजल्यावर आजवर दिल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या अनुक्रमाच्या पुढचा आकडा मिळाला पाहिजे, रद्द झालेले धरून. म्हणून रद्द नंबरांची यादी मॉडेलच्या बाहेर, एका साध्या एक्सेलमध्ये ठेवावी लागते. मॉडेलमधून यंत्र डिलीट झालं की त्याची आठवण तिथे उरत नाही.

स्क्रिप्ट चालवण्याआधी मजला तपासा. स्लॅबखाली टांगलेला एफसीयू मॉडेल करणाऱ्याने वरच्या लेव्हलला धरून उणे ऑफसेट (तिथून खालचं अंतर) देऊन ठेवलेला असतो. रेव्हिटच्या दृष्टीने तो पाचव्या मजल्यावर, प्रत्यक्षात चौथ्याच्या छतात. फेस-बेस्ड (पृष्ठभागाला चिकटवलेल्या) फॅमिलीत तर लेव्हल रिकामीच दिसते, तिथे शेड्यूल लेव्हल बघावी लागते. एक शेड्यूल करून लेव्हल आणि ऑफसेट शेजारी लावा. उणे ऑफसेटवाले नग एका नजरेत सापडतात. याच शेड्यूलमध्ये स्पेस किंवा रूमचा नंबरही आणा. छतातल्या नगांपुढे तो रिकामा दिसला तर दोन कारणं असतात : स्पेसची उंची फॉल्स सीलिंगपाशी संपली आहे, नाहीतर फॅमिलीत रूम कॅल्क्युलेशन पॉइंट चालू केलेला नाही. स्पेसची वरची हद्द स्लॅबपर्यंत न्या, किंवा फॅमिली उघडून तो बिंदू चालू करा आणि सीलिंगच्या खाली ओढून ठेवा.

आणखी एक : स्क्रिप्ट चालवताना सेंट्रल फाइलवर, म्हणजे सगळ्या टीमच्या सामायिक फाइलवर, दुसरं कुणी काम करत नसावं. एखादा नग दुसऱ्याच्या नावावर अडकलेला असेल तर तो तुम्हाला बदलता येत नाही. सगळ्यांना सिंक करून आपापला ताबा सोडायला सांगा, मगच चालवा. मी जेवणाच्या सुट्टीत चालवते.

एक्सेलमध्ये बाहेर काढून, दुरुस्त करून आत आणणार असाल तर पायरेव्हिटसारखं एखादं जोड-साधन लागेल, कारण रेव्हिट शेड्यूल बाहेर काढू देतं, परत आत घेत नाही. तिथेही एक खड्डा आहे. प्रकाराच्या कोडशिवाय नुसतं ०४-०२ असं रकान्यात गेलं की एक्सेल त्याची तारीख करतं. एकदा चौथ्या मजल्याचे सगळे एफसीयू एप्रिल महिन्यात गेलेले मी पाहिले आहेत. रकाना आधीच टेक्स्ट करून घ्या.

लिंकमधल्या डुप्लिकेटवरचा उपाय असा. एक तपासणी शेड्यूल बनवा, त्यात पूर्ण नंबर आणि काउंट हे दोनच रकाने. लिंकमधल्या नगांचाही समावेश करण्याची खूण चालू करा, पूर्ण नंबरवर सॉर्ट करा आणि प्रत्येक नग वेगळा दाखवण्याची खूण काढून टाका. आता एकेक नंबर एकाच ओळीत येतो आणि काउंट एकपेक्षा जास्त दिसला की तो डुप्लिकेट. सगळ्यांत वरची ओळ रिकाम्या नंबरांची असते, तिचा काउंट म्हणजे तुमचं उरलेलं काम. दर शुक्रवारी हे शेड्यूल बघायची सवय लावा. डुप्लिकेट बहुतेक कॉपीमधून येतात : एफसीयू कॉपी केला की तुमचं टेक्स्ट पॅरामीटर जसंच्या तसं नव्या नगावर जातं. डिलीट करून पुन्हा ठेवण्याने उलटं नुकसान होतं, नंबर यंत्राबरोबर जातो. म्हणून टीमला सांगा की यंत्र बदलायचं असेल तर टाइप सिलेक्टरमधून बदला, नग तोच राहतो आणि नंबरही.

टॅगच्या दिसण्याबद्दल फार नाही सांगत. कागदावर अडीच मिलिमीटरचं अक्षर बहुतेक ठिकाणी चालतं. वरच्या ओळीत पूर्ण नंबर, खाली टाइप मार्क. टॅगभोवती लंबगोल काढला असेल तर तो तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यांत लांब नंबर घालून तपासा, नाहीतर एएचयूला बसतो आणि सीएचडब्ल्यूपी-बी१-०३ ला (थंड पाण्याच्या पंपाला) फाटतो. लिंकमधल्या यंत्राला टॅग लावता येतो, पण तो टॅग फक्त वाचतो, नंबर बदलायला मूळ फाइलच उघडावी लागते. मूळ फाइलमध्ये यंत्र डिलीट होऊन नवीन आलं तर तुमच्याकडचा टॅग निराधार होतो, म्हणून लिंक रीलोड केल्यावर रिकंसाइल होस्टिंग उघडून बघा. आणि टॅग ऑल वापरून सगळ्या शीटवर टॅग उधळू नका. पंपरूमच्या मोठ्या स्केलच्या प्लॅनवर पंपांचे टॅग हवेत, सबंध मजल्याच्या प्लॅनवर त्यांची गर्दी वाचणाऱ्याला छळते.

सरसकट सगळ्या व्हॉल्व्हना आत्ता नंबर देऊ नका. महिनाअखेरच्या यादीत मुख्य आयसोलेशन, कंट्रोल आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पुरे. बाकीचे जागेवर बसेपर्यंत इतके हलतात की त्यांना आत्ता दिलेला नंबर टिकत नाही. त्यांचे नंबर ॲज-बिल्टच्या (प्रत्यक्ष बांधलं तसं दाखवणाऱ्या ड्रॉइंगच्या) वेळी द्या, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कुठल्या एएचयूचा किंवा एफसीयूचा आहे ते ‘मूळ उपकरण’ अशा वेगळ्या पॅरामीटरमध्ये लिहा. व्हीआरएफच्या (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या एसीच्या) इनडोअर युनिटलाही हेच लागू : आउटडोअरचा नंबर त्याच्या नंबरात गुंफू नका, शेजारच्या पॅरामीटरमध्ये ठेवा.

स्किडवर (यंत्रं एकत्र बसवलेल्या सांगाड्यावर) एकाच फॅमिलीत तीन पंप असतील तर आतल्या पंपांच्या फॅमिली शेअर्ड केलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर शेड्यूलला तिथे एकच वस्तू दिसते आणि तुमच्या यादीत दोन पंप कमी भरतात.

तुमच्या हातात महिना आहे, म्हणून क्रम असा धरा. पहिले दोन-तीन दिवस कागदावर नियम आणि मजल्यांचे कोड. मग शेअर्ड पॅरामीटर्स, टॅग फॅमिली नव्याने, आणि आधीची सारख्या नावाची पॅरामीटर्स मॉडेलमधून काढून टाकणं. काढण्याआधी त्यातल्या किंमती शेड्यूलमधून बाहेर काढून ठेवा, त्यातले काही नंबर कुणाकडे तरी पोहोचलेले असतात. कुठले पोहोचलेत ते पॅनेलवाल्याला आणि बीएमएसवाल्याला फोन करून विचारा, आणि ते नंबर नव्या नियमात बसत नसले तरी आहेत तसे ठेवा. नंतर लेव्हलची तपासणी, डायनॅमो, तपासणी शेड्यूल, आणि शेवटी शीटवरचे टॅग.

यंत्रावरच्या कोरीव पट्ट्यांची ऑर्डर मात्र मॉडेलच्या यादीवरून देऊ नका. यंत्रं बसल्यावर छापलेली यादी हातात घेऊन एक इलेक्ट्रिकलचा आणि एक एचव्हीएसीचा असे दोघं जण प्रत्येक मजला चालून या. एकाने पॅनेलवर फीडर बंद करायचा, दुसऱ्याने यंत्रापाशी उभं राहून तेच यंत्र थांबलं का ते बघायचं आणि फोनवर नंबर मोठ्याने सांगायचा. पट्टी त्यानंतर कोरायला टाका.